दुपारचे रोगी

या उन्हाळ्याच्या सुट्टीतही मी गावच्या दवाखान्यात दुभाष्याचं काम केलं. मी पंधरा वर्षांची आहे, जळगावला मामांकडे राहून इंग्रजी पाचवीत, म्हणजे मॅट्रिकच्या दोन वर्षं अलीकडे, शिकते, आणि आमच्या गावात, म्हणजे एरंडोलपासून तीन कोसांवर अंजनी नदीच्या काठी, माझ्याइतकं इंग्रजी कोणालाच येत नाही. तलाठ्यालासुद्धा नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगते. बरं, थोडी फुशारकी आहे.

दवाखाना चालवतात इंग्रिड सिस्टर. त्या नॉर्वे देशाच्या. दोन वर्षांपूर्वी स्वखुशीने आल्या, पगार न घेता. गावाला हे काही केल्या पटेना. घरदार सोडून परक्यांचे पाय धुवायला कोणी फुकट येतं का? पाणवठ्यावर बायकांनी निकाल लावून टाकला होता, “नवरानी टाकी दिधी व्हई.” मी याचा अर्थ, नवऱ्याने टाकून दिली असेल, असा सिस्टरना सांगितला तेव्हा हसता हसता त्यांच्या हातून आयोडिनची बाटली पडता पडता राहिली. त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं. मग बायका त्यांना इंगराबाई म्हणू लागल्या आणि दुखरे पाय घेऊन यायला लागल्या.

इंग्रजी त्यांचंही शिकलेलंच, त्यामुळे आम्ही दोघी सारख्याच चुका करत बोलायचो. मला बोलतं त्यांनीच केलं. अडीच वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझी आई, ताईबाई, नारूने गेली. नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा. तो काडीवर रोज बोटभर गुंडाळत काढायचा असतो. ओढला की तुटतो आणि आत सडतो. आईचा तुटला. आठव्या दिवशी तिने डोळे मिटले. त्यानंतर सात महिने मी तोंडातून शब्द काढला नाही. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पद्मालयाच्या गणपतीला नवस केला, कोणी सांगितलं म्हणून जिभेला मध लावला. मग सिस्टर आल्या. त्यांनी मला बाकावर शेजारी बसवलं आणि समोरच्या म्हातारीकडे बोट करून विचारलं, ही काय म्हणते? मी सांगितलं. ती सांगायला लागले ती अजून थांबलेली नाही. नाना म्हणतात, पोरी, जरा दम खात जा.

दवाखाना गावाबाहेरच्या जुन्या धर्मशाळेत आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, आत कार्बोलिकचा वास. शेजारी पायविहीर होती. बायका पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर भरत, आणि दुखऱ्या पायातून नारूची बी पाण्यात उतरे. हे सिस्टरनी सांगितलं, मी गावाला समजावलं. या हिवाळ्यात त्यांच्यासारखेच आणखी चार परदेशी स्वयंसेवक येऊन राहिले. त्यांनी गावच्या माणसांबरोबर कुदळी मारून कठड्याची नवी विहीर खणली, आणि पायविहीर दगडांनी बुजवली.

आणि मग आखाजी आली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी उंबरठा धुतात. गेलेल्या माणसांची नावं घेत एकेकाच्या नावाने कुंकवाचं बोट उंबरठ्यावर उमटवतात आणि पितरांसाठी पाण्याची घागर भरून ठेवतात. भागामाय म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यांत जुनी बाई. ती नव्या विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत आली आणि म्हणाली, “आपला पितर ती पायरी वळखतस. नवी हिर त्यास्ले कोन दखाडी?”

बायका थबकल्या. बुजवलेल्या विहिरीचे दगड उपसायचं बोलणं सुरू झालं. सिस्टरच्या दोन वर्षांच्या कष्टांचं पाणी होणार असं दिसलं, तेव्हा मी दवाखान्याच्या ओट्यावर चढून भाषण ठोकलं. म्हटलं, पायविहीर इथे लागूनच आहे. सवयीने कोणी इथवर आलं तर तहानलेलं जायला नको. आपण गावची एकच मोठी घागर दवाखान्याच्या ओट्यावर भरून ठेवू, आणि नावंही इथल्याच उंबरठ्यावर घेऊ. सगळ्यांना पटलं. भागामायनेही मान डोलावली. बायका नावं सांगत गेल्या, मी बोटं उमटवत गेले. एकतीस झाली. बत्तिसावं मी माझ्या आईचं उमटवलं.

घरी आले तर नाना कुंकवाची वाटी घेऊन आमच्या उंबरठ्याशी बसले होते. मी म्हटलं, नाना, मायचं नाव घेऊन झालं, एका दिवसात दोन ठिकाणी बोलवायचं नसतं. हा नियम मी त्याच क्षणी बनवला होता. नानांनी वाटी खाली ठेवली.

दवाखाना दुपारी बारा ते तीन बंद असतो. बाहेर जमीन तव्यासारखी तापलेली असते आणि केळीच्या बागांपलीकडची वाट पाण्यासारखी हलताना दिसते. मी घरी जाऊन नानांना भाकरी करून घालायची, तेवढ्यात सिस्टर जरा आडव्या व्हायच्या. आखाजीनंतर चौथ्या दिवशी मी परत आले तर रजिस्टरमध्ये पाच नवी नावं. उखर्डू, नारू, उजवी टाच. चुडामण, खोकला. भिकुबाई, डोळे. प्रत्येकापुढे एकच शेरा होता, फार तहान. ओट्यावरची घागर रिकामी होती. सकाळी मीच ती गळ्यापर्यंत भरली होती.

मला आधी रागच आला. मी नसताना यांच्याशी बोललं कोण? सिस्टरना मराठीचे वीसएक शब्द येतात, अहिराणी तर मुळीच नाही. मी विचारलं तर त्या स्वतःच गोंधळल्या. म्हणाल्या, दुपारी मला कळतं. ती माणसं फार सावकाश बोलतात.

दुसऱ्या दिवशी सात नावं. तिसऱ्या दिवशी नऊ. सिस्टर खुशीत होत्या. पावसाळ्यात त्यांची मुदत संपून त्या परत जाणार होत्या, आणि जाण्याआधी गाव इतकं येऊ लागलं याचं त्यांना समाधान होतं.

त्या दुपारी भाकरी थापताना मी नानांना विचारलं की सिस्टर सांगतात तो, उजव्या हाताचं एक बोट नसलेला उखर्डू आपल्या गावात कोण आहे.

नाना जेवता जेवता थांबले. “काका मना. जीनमां बोट गयं त्यानं. मी तुनाएवढा व्हतू तवय वारना.”

म्हणजे माझा चुलत आजोबा, कापसाच्या जिनात बोट गमावलेला आणि माझ्या जन्माआधीच वारलेला. ताटावरून उठताना नाना एवढंच म्हणाले की यंदा आखाजीला आईच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकला, वर तूप सोडलं, पण आगारी काही धुपली नाही; पितर घरी आलं की ती धुपते. घास तसाच काळा होऊन पडला.

मी तशीच उन्हात पळत सुटले.

दवाखान्याचं दार उघडं होतं. सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. समोरच्या बाकावर कोणी नव्हतं. त्या वाकून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, काडी फिरवत होत्या, अगदी हळू, श्वास रोखून. तोंडाने पुटपुटत होत्या, “दुखस का? थोडं ऱ्हायनं.” शुद्ध अहिराणी. मला पाहून त्यांनी नुसतं गप्प राहायची खूण केली. काम झाल्यावर त्यांनी काडी तबकात ठेवली. तिच्यावर बोटभर पांढरा दोरा गुंडाळलेला होता. ओला.

मी शाळेत आरोग्यशास्त्रात पहिली आहे. मी ती काडी उजेडात नेऊन पाहिली. तो नारूच होता.

मी घाबरले असं लिहायला हवं, पण ते खरं नाही. माझ्या मनात एकच गोष्ट आली आणि तिने बाकी सगळं बाजूला ढकललं. बत्तिसावं बोट.

मी विचारलं, हनुवटीवर तीन टिंबं गोंदलेली, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग असलेली एक बाई येते का?

येते, सिस्टर म्हणाल्या. रोज सगळ्यांच्या शेवटी येते आणि दाराशी बसते. पाय सुजलेला आहे, पण औषध मागत नाही. आताही बसली आहे.

दाराशी ऊन होतं. फरशीवर चौकटीची सावली होती. बाकी काही नव्हतं.

मला फक्त एवढंच हवं होतं की तिने मला पाहावं. ती गेली तेव्हा मी कोपऱ्यात बसून राहणारी, नाक ओढणारी पोर होते. आता मी इंग्रजी पाचवीत आहे, ओट्यावर उभी राहून गावाला भाषण देते. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत मी शाळेच्या समारंभाचं निळं लुगडं नेसले, दोन वेण्या घातल्या आणि बाकावर जाऊन बसले. सिस्टरनी दाराकडे पाहून मान हलवली, तशी मी सुरू झाले. इंग्रजी कविता म्हटली. नाना बरे आहेत, कपिलेला कालवड झाली, गणितात मला सत्तर मिळाले, सगळं सांगितलं. घसा कोरडा पडेपर्यंत बोलले.

“काय म्हणते ती?” मी विचारलं.

सिस्टर ऐकत होत्या. मग त्यांनी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आवाज त्यांचा, पण हेल आईचा. “कोनी पोर शे ती? कितली गोड बोलस.”

मी म्हटलं, सांगा तिला. मी प्रमिला आहे. तुझीच.

सिस्टरनी सांगितलं.

“हसते आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणते, मनी परमी ते घर शे. धाकली शे आजून.”

परमी. ही हाक आईशिवाय कोणीच मारली नव्हती. सिस्टरना ती ठाऊक असणं शक्य नव्हतं.

“तिला तिच्या मुलीची काळजी आहे,” सिस्टर पुढे म्हणाल्या. “कधीपासून ती बोलतच नाही म्हणे. मी उद्या घेऊन यायला सांगितलं आहे.” त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनाही आता काहीतरी कळू लागलं होतं. “प्रमिला, तू उद्या येऊ नकोस.”

मी गेले. जाणार नाही तर काय करणार? लुगडं नाही, वेण्या नाहीत. घरातलं जुनं परकर-पोलकं घातलं, ते आखूड झालं होतं तरी. भिंतीला पाठ लावून खाली बसले, आणि एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं.

बारा वाजून गेले. कडुनिंबावर होला घुमत होता, तो मध्येच थांबला.

“आल्या,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “दोघी.”

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. मी मान उंचावून वाचलं. प्रमिला पितांबर. वय बारा. बोलत नाही.

“कशी आहे ती?”

सिस्टरनी माझ्या खांद्याइतक्या उंचीवर हात धरला. “तुझेच डोळे.”

मला राहवलं नाही. मी उठले. दाराच्या दिशेने दोन पावलं गेले, हात पुढे केला. “माय,” मी म्हटलं, “मी शे.”

“थांब. पुढे येऊ नकोस.”

मी थांबले.

“मुलगी आईच्या मागे लपली. थरथरते आहे.” सिस्टरचा आवाज खाली गेला. “तुला भिते आहे ती.”

“आणि माय?”

सिस्टर दाराकडेच बघत राहिल्या.

“माय काय करते?”

“तिने लेकराला पदराखाली घेतलं आहे. तुझ्याकडे बघते आहे. आज पहिल्यांदाच नीट बघते आहे.” मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. “तिने कनवटीचं काहीतरी मुठीत घेतलं. मुलीवरून फिरवते आहे, डोक्यापासून पायांपर्यंत. तीनदा. ओठ हलताहेत. प्रमिला, हे काय करतात?”

मला माहीत होतं. पण मी सांगितलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच सिस्टरनी विचारलं आणि मी अर्थ सांगितला नाही.

“फेकलं,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडे.”

मग म्हणाल्या, “गेल्या. आता येणार नाहीत असं म्हणाली ती.”

होला पुन्हा घुमू लागला. सिस्टर हात धुवायला आत गेल्या. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला.

मी खाली पाहिलं. फरशी मीच सकाळी कार्बोलिकने पुसून लख्ख केली होती. माझ्या पावलांपाशी मीठ सांडलं होतं, आणि त्यात मोहऱ्या. त्यांतल्या दोनतीन अजून घरंगळत होत्या.