लाइट नसताना येणारा फोन

कोणाला थाप वाटली तर वाटू द्या. माझ्याच हातून घडलेलं आहे हे.

मी मंजुषा, अमरावतीत प्रोग्रामर. गोष्ट गेल्या मे महिन्यातली, भर दुपारची. मोर्शीजवळच्या आमच्या शेतातली.

आमची कंपनी मोटरचा डबा बनवते. शेतात लाइट आली की डबा शेतकऱ्याला फोन करतो आणि मोटर आपोआप सुरू होते. आमचं शेत बघणाऱ्या पुंजारामकाकांकडे तो मीच बसवून दिला होता.

विहिरीचं पाणी खोल गेलेलं. पाइप खाली सोडला नाही तर संत्र्याची बाग वाळणार. लाइट नसताना काका विहिरीत उतरायला जायचे. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की...

फोन. डब्याचा.

मोटर सुरू होईल म्हणून धडपडत वर यायचे. पाहतात तर लाइट नाहीच!

"रेकॉर्ड केलेली बाई बोलते ना, 'लाइट आली' म्हणून?" मी विचारलं.

"नाई वं मंजू. कोनीतरी दम लागल्यावानी श्वास घेते नुसतं... चार दिवस झाले. बाग मरून राहिली माही. तुह्या डब्याले काय झालं, पाह्य ना!"

मला रागच आला. माझ्या कोडला नावं ठेवता?

एडिटर उघडला. तीन वर्षांपूर्वीची ओळ सापडली. फोन लावणारं फंक्शन मी वापरलं होतं, पण 'लाइट असेल तरच' ही अट घालायला विसरले होते. कोणाच्या लक्षात येणार? लाइट नसली की डबा बंदच. त्यात बॅटरीही नाही.

मग फोन... येत कसा होता?

हा प्रश्न तेव्हाच पडला होता. खोटं कशाला बोलू! चूक सापडल्याच्या आनंदात मी तो झटकून टाकला.

अट घातली. सकाळी लाइट होती तेव्हाच नवा कोड डब्यात पाठवला.

"काका, आता बिनधास्त उतरा."

"शाब्बास वं पोरी!"

दुपारी फोन वाजला नाही.

काका उतरले.

अडीचला विहिरीचा काठ आत ढासळला. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी डब्याच्या नोंदी पाहिल्या. त्या दिवशी लाइट सकाळी दहाला गेली, ती संध्याकाळीच आली.

तरीही...

दोन वाजून दहा मिनिटं. 'लाइट नाही. कॉल थांबवला.'

दोन बारा. 'कॉल थांबवला.'

दोन तेरा...

एकोणीस वेळा. शेवटची नोंद दोन एकोणतीसची.

ती अट मी लगेच पुसली. डबा घरी आणलाय. दुपारी लाइट गेली की फोन हातात घेऊन त्याच्यासमोर बसते. कोण होतं, एकदा सांगा म्हणते.

अजून एकही फोन आलेला नाही.