समाधानाचे गुण

अजून पायासुद्धा खणलेला नव्हता अशा इमारतीच्या लिफ्टमधून केतकी सासने पंधराव्या मजल्यावर उतरली. कचेरीत सकाळ होती, टेबलावरचा चहा गार होत होता, आणि डोळ्यांवरच्या चष्म्यात मात्र मे महिन्यातली टळटळीत दुपार होती, तीही बारा वर्षांनंतरची. अशा दोन-दोन वेळा एकदम अंगावर घेऊन वावरायची तिला आता सवय झाली होती. ती इमारत-गुणवत्ता समितीची परीक्षक होती. उंच इमारत उभी राहण्याआधी तिच्यात हिंडून बघायचं आणि ती राहण्याजोगी आहे का ते सांगायचं, हे तिचं काम.

पूर्वी हे काम नकाशांवर चालायचं. चार मोठी माणसं टेबलाभोवती बसायची, बिस्किटं खायची आणि 'दर्शनी भाग अधिक बोलका हवा' असलं काहीतरी लिहून घरी जायची. दर्शनी भाग बोलका म्हणजे काय, ते देवाला ठाऊक. मग 'पूर्ववास' ही यंत्रणा आली. इमारतीत जी माणसं राहायला जाणार त्यांच्याशी त्यांच्या घरी जाऊन पोटभर गप्पा मारायच्या, काही महिने मनगटावर पट्टी बांधून त्यांचं उठणं-बसणं टिपायचं, आणि त्यावरून यंत्रात त्यांचे छायावासी घडवायचे. हे छायावासी त्या माणसांसारखेच चालत, बोलत, म्हातारे होत, आणि न बांधलेल्या इमारतीत वर्षानुवर्षं राहत. आपल्याला त्यासाठी एक दिवस पुरे व्हायचा. शेवटी उजेड, वारा, ये-जा, शेजार आणि समाधान यांचे गुण पडायचे. समाधानाला सगळ्यांत जास्त वजन, कारण राहणाऱ्याला बरं वाटतंय का हे राहणाराच सांगणार. ऐकायला किती सरळ वाटतं, नाही का?

आजची इमारत बेचाळीस मजली. खाली बाजार आणि दवाखाने, मधे कार्यालयं, त्यावर शेणोलीकर गल्लीतल्या लोकांची घरं आणि सगळ्यात वर विकायचे महागडे फ्लॅट. शेणोलीकर गल्ली पंचगंगेच्या पूररेषेत होती. तिथली घरं उठवून पाण्याला पसरायला जागा ठेवायची आणि माणसं टेकाडावरच्या या मनोऱ्यात न्यायची, असा बेत होता. केतकी त्याच गल्लीत वाढली. तिचे वडील, दूध संघातून निवृत्त झालेले रंगराव सासने, अजून तिथेच राहत. संध्याकाळच्या बैठकीत तिची सही झाली की गल्ली रिकामी होणार होती, आणि आप्पांचं उरलेलं आयुष्य या इमारतीत चौदाव्या मजल्यावर जाणार होतं. नात्यातल्या माणसाच्या घरात परीक्षकानं जायचं नाही असा नियम असल्यामुळे ते घर दुसऱ्या कुणी तपासलं होतं.

इमारतीला एकूण गुण पडले होते एक्क्याण्णव. पुनर्वसनाच्या घरांना एवढे गुण केतकीनं कधी बघितले नव्हते. खरं सांगायचं तर ती खुशीत होती.

पंधरावा हा आश्रय मजला होता, म्हणजे आग लागली तर लोकांना थांबता यावं म्हणून मोकळा सोडलेला. तिथे अख्खी गल्ली बसली होती. कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी पत्ते खेळत होतं, कुणी खांबाला टेकून डुलक्या काढत होतं. शेजाराचे गुण इथूनच आले असणार. केतकीनं लहानपणापासून ओळखीच्या शालनकाकींना, म्हणजे त्यांच्या छायेला, कसं चाललंय म्हणून विचारलं. एकदम झकास, काकी म्हणाल्या. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. पाणी? भरपूर. लिफ्ट? कधी बंद नाही. घर? झकास.

मग एवढ्या झकास घरात भर दुपारी कुणीच कसं नाही, हे तिच्या मनात आलं आणि ती जिन्यानं खाली उतरली.

चौदाव्या मजल्यावरची एकूण एक खिडकी बंद होती. दोन घरांत फरशीवर ओली पोती अंथरली होती. चष्म्यातून दिसतं, ऐकू येतं, पण ऊन लागत नाही, म्हणून तिनं यंत्राला घरातलं तापमान विचारलं. बेचाळीस. खिडकीबाहेर? त्याहून जास्त. सतत घुमणारा आवाज तिला आता कळला. अकराव्या मजल्यावर कार्यालयं गार ठेवणारी यंत्रं बसवली होती, आणि त्यांनी बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीला धरून वर चढत नेमकी या घरांच्या खिडक्यांशी येत होती. नकाशात ते मजले एकावर एक किती नीटनेटके दिसत होते!

पुढचं दार आप्पांचं होतं. नियम तिला पाठ होता. तरी तिनं दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. न्हाणीघरातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बारा वर्षांनी थकलेले आप्पा ओल्या पायांनी बाहेर आले. मागे अर्धवट उघड्या दारातून लाकडी खुर्ची, पाण्यानं भरलेली बादली आणि खुंटीला अडकवलेला रेडिओ दिसत होता. घरातली तेवढीच जागा जरा गार असावी. माणूस दिवसभर न्हाणीघरात पाय बादलीत सोडून बसून होता, आणि कुणी आलेलं कळताच त्यानं घाईघाईनं दार ओढून घेतलं.

"उकडत नाही आप्पा?" तिनं विचारलं.

"छ्या! मस्त हाय की," छाया म्हणाली. "बस. तुला कोकम देतो."

केतकीनं चष्मा काढला. तिला रडूच आलं.

यंत्रणा सांभाळणारा फैयाज मुजावर शेजारच्या टेबलावर बसत असे. तिनं त्याला सगळं दाखवलं. चूक तिला कळली होती, निदान तिला तसं वाटत होतं. गप्पा मारायला ज्या मुली गल्लीत गेल्या, त्या पाहुण्या होत्या. पाहुण्याला पाट द्यायचा, पोहे द्यायचे, आपलं दुखणं द्यायचं नाही, ही त्या गल्लीची रीत. यंत्रानं तीच रीत उचलली आणि छायावासी मरेपर्यंत झकास म्हणत राहिले. आश्रय मजल्यावर पळून आलेल्या माणसांना शेजाराचे गुण पडले ते वेगळेच. तिनं फैयाजला विचारलं, की माणसं काय बोलतात ते बाजूला ठेवून काय करतात त्यावरून समाधान मोजता येईल का. येईल, तो म्हणाला, आणि त्यानं मोजलं. इमारतीचे एकूण गुण एक्क्याण्णवाचे चौतीस झाले. 

समितीचे अध्यक्ष खांडके काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. यंत्रांचा मजला हलवायचा तर अख्खा आराखडा बदलणार, बिल्डर अंग काढून घेणार, आणि गल्ली पुढच्या पुरात पुन्हा पत्र्यांवर बसणार, हे त्यांनी समजावून सांगितलं. शिवाय आप्पांच्या घरात ती गेलीच कशी, हेही विचारलं. मग म्हणाले, "लोक स्वतःच्या तोंडानं सांगतायत बरं आहे म्हणून. त्यांना खोटं पाडणारे आपण कोण?"

 केतकीचा चेहरा बघून ते जरा नरमले. राहणाऱ्यांपैकी एकानं जरी खऱ्या तोंडानं हरकत नोंदवली, तर बैठक पुढे ढकलून आराखडा परत पाठवेन, असा शब्द त्यांनी दिला. एक माणूस, एक वाक्य. केतकी आवाज टिपायचं यंत्र आणि चष्मा घेऊन तडक गल्लीत गेली.

आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. तिनं काही न सांगता चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. आत न्हाणीघरात बादलीत पाय सोडून बसलेले ते स्वतःच होते. मग चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

"हे आणि कुणी कुणी बघितलं?"

फैयाजनं, ती म्हणाली. त्यांना ते लागलं, तिला दिसलं. तिनं घाईनं यंत्रांचा मजला, गरम हवा, खांडक्यांचा शब्द, सगळं सांगितलं. तुम्हाला तिथं जमणार नाही एवढंच म्हणा, बाकी मी बघते. पाहुण्यांपुढे बोलला नाहीत ते ठीक, पण मी काय पाहुणी आहे?

"पाहुण्यांचं काय घेऊन बसलीस?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. त्या पोरी यायच्या आधी गल्ली देवळात जमली होती. पलीकडच्या गल्लीत एकानं संडासाची तक्रार केली आणि त्याचं नाव घराच्या यादीतून गेलं असं कुणीतरी ऐकून आलं होतं. खरं-खोटं कुणी विचारलं नाही. कचेरीच्या माणसापुढं कुणीच वाकडं बोलायचं नाही असं ठरलं. शालननं तर देवाला हात लावून शपथ घेतली होती.

केतकीला न्हाणीघराचं ओढून घेतलेलं दार आठवलं. राहायला जाऊन बारा वर्षं झाली तरी त्या छायांची भीती गेली नव्हती. आणि त्या भीतीलाच ती रीतभात समजून बसली होती.

तिनं यंत्र सुरू करून ओट्यावर ठेवलं. लाल दिवा लागला. आप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, शेंगांची टरफलं बाजूला सारली आणि सरळ होऊन बसले. बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. मग यंत्राकडे नाही, तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "एवढं सांग. तू बी आता कचेरीचीच माणूस हाईस. हरकत घेतली तर घर मिळंल न्हवं?"

केतकीनं उत्तर देण्याआधी हात पुढे करून यंत्र बंद केलं.