पिवळं फडकं

काकांचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला माझ्या दुकानात आला, तेव्हा मी आधी हातमोजे चढवले. माणूस जाऊन अकरा महिने झालेत, गेलेल्याविषयी वाईट बोलू नये, कबूल. पण काकांना बटणागणिक तर्जनी जिभेला लावायची सवय होती. जिभेला, बटणाला; जिभेला, बटणाला. त्यात दाढ किडलेली आणि गालात कायम लवंग. कीबोर्ड उलटा करून आपटला तर केस, अन्नाचे कण आणि तपकिरी लगदा पडला. शी! मी कीबोर्ड तसाच कचऱ्यात टाकला आणि दोनदा साबणानं हात धुतले.

काकूनं फोनवर बजावलं होतं, "सगळं पुसून टाक. ह्यांचं काही म्हणजे काही ठेवू नकोस."

पण पुसण्याआधी कॉपी काढून ठेवायची, ही आमच्या धंद्यातली शिस्त. आज 'नको' म्हणणारी माणसंच चार महिन्यांनी फोटोंसाठी रडत येतात. मी काकांचा फोल्डर माझ्या ड्राइव्हवर घेतला, मग मशीन साफ पुसलं आणि कॉपीचं काकूला सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी मशीन घेऊन तिच्याकडे गेलो. खिडकीजवळचं टेबल तिनं घासून लख्ख केलं होतं. चार वाजता तिची एका प्रकाशनसंस्थेची टायपिंगची चाचणी होती. अर्ध्या तासात तीन पानं टाइप करून पाठवायची, जमलं तर घरबसल्या काम. एकोणसाठाव्या वर्षी पहिलंवहिलं स्वतःचं काम. काका होते तोवर तिला या टेबलापाशी फक्त फडकं घेऊन यायची मुभा होती.

"पाच महिने शेजारणीकडे सराव केलाय," ती म्हणाली. "हसू नकोस, पण दहाही बोटं वापरते मी."

"मग माझ्यापुढे गेलीस. मी अजून कोंबडीसारखा टोचतो."

ती खूप दिवसांनी खळखळून हसली. मी तिच्यासमोर पाकीट फोडून कोरा करकरीत कीबोर्ड काढला, टायपिंगचं सॉफ्टवेअर चढवायला माझा ड्राइव्ह जोडला आणि तिला खुर्चीत बसवलं. स्क्रीननं नाव विचारलं. तिनं स्वतःचं नाव टाइप केलं, थांबली आणि बोटं एकमेकांवर चोळली.

"चिकट लागतंय रे."

"नवीन आहे ना. कधीकधी असतं काहीतरी लागलेलं."

मी खाली वाकून बघितलं. पाच-सहा बटणांवर बरोबर मध्ये बोटाच्या टोकाएवढा ओला ठिपका होता. रुमालानं पुसला. रुमाल उचलला तर त्याच्याबरोबर एक बारीक तार ताणत वर आली आणि तुटली. लवंगेचा वास आला, आणि त्याखालून किडक्या दाढेचा.

मी बघत असतानाच पुसलेलं बटण पुन्हा ओलं झालं. दोघांपैकी कुणाचाही हात कीबोर्डवर नव्हता.

काकू दचकली नाही. तिचा चेहरा तेवढा उतरला. खणातून तिनं एक पिवळं फडकं काढलं आणि सरावलेल्या हातानं एकेक बटण पुसायला लागली.

"हे गेल्यावरही रोज पुसत होते मी. सकाळी उठून बघावं तर ओलं. कुणाला सांगणार? म्हणून तर म्हटलं, सगळं पुसून टाक." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काही ठेवलं नाहीस ना?"

"छे गं."

चारला दहा कमी होते.

बॅकस्पेसचं बटण आपोआप खाली गेलं. सावकाश वर आलं. ओलं.

स्क्रीनवर तिच्या नावाचं शेवटचं अक्षर नव्हतं.

पुन्हा खाली. आणखी एक अक्षर गेलं.

"आता नको हो," काकू पुटपुटली. "एवढं तरी करू द्या मला."

मी ड्राइव्ह उपटला.

बटण वरच राहिलं. मी पुसलं, वाट बघितली, पुन्हा बोट फिरवलं. कोरडं होतं.

"काय केलंस?"

"वायर सैल होती," मी म्हणालो.

चार वाजता ती दहाही बोटांनी टाइप करत होती. मी मागे ड्राइव्ह मुठीत धरून बसलो होतो. निघताना तिनं ते फडकं माझ्या हातात दिलं.

"जाताना फेकून दे. मला नको आता."

ते मी चिमटीत धरून बॅगेत कोंबलं आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दुकानात तिचा फोन आला. "मिळालं रे काम! आणि कीबोर्ड कोरडा ठणठणीत." ती रडत होती. "खरं सांग, ह्यांचं काही ठेवलं नव्हतंस ना?"

"नाही, काकू."

"मग सुटले बाई मी."

फोन ठेवल्या ठेवल्या मी ड्राइव्ह जोडला. निदान बोललेलं खरं तरी करावं. फोल्डर न उघडताच डिलीट दाबलं.

स्क्रीनवर चौकट आली. 'हा फोल्डर वापरात आहे. आधी बंद करा.'

मी ड्राइव्ह काढून टाकला. चौकट तशीच राहिली.

मग लवंगेचा वास आला. मी मान खाली घालून एंटरकडे बघितलं, आणि बॅगेतून पिवळं फडकं काढलं.

आधी एंटर पुसलं. मग त्याच्या शेजारचं.