डोळ्यांची आखणी

शनिवारी दुपारी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका चर्चच्या हॉलमधल्या चित्रकलेच्या वर्गात आधी अंडी फुटायची आणि मग गप्पांना तोंड फुटायचं. बलक या तळहातावरून त्या तळहातावर सरकवत पांढरं निथळून टाकायचं, मग बलकाची साल चिमटीत धरून टोचायची आणि आतला पिवळा रस तेवढा वाटीत घ्यायचा. त्यात रंगाची पूड कालवायची. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतले चित्रकार असंच करायचे, असं शिकवणारी ब्रॉनविन सांगायची. आमच्याकडे एवढ्यात भुर्जी झाली असती, असं नीरजाच्या दरवेळी मनात यायचं.

नीरजा पन्नाशीची. चित्रकला शिकली कुठेच नाही, पण लहानपणी पेणला मामांच्या गणपतीच्या कारखान्यात बसून बसून तिचा हात तयार झाला होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, वर्षानुवर्षं तिच्याकडे होती. बाकी मूर्ती कुणी का रंगवेना, डोळे नीरजाचे. वरची रेघ एका श्वासात, मग खालची, मग बुबुळ आणि शेवटी पांढरा ठिपका. ठिपका द्यायच्या वेळी डाव्या हाताने मूर्तीपुढे आरसा धरायचा. उघडलेल्या डोळ्यांची पहिली नजर माणसावर पडू द्यायची नाही, असं मामा सांगायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. आरसा तेवढा कायम पर्समध्ये असे.

हॉलच्या भिंतीवर एक जुनी लाकडी फळी होती. कुठल्याशा कुटुंबाने युरोपातून बोटीने आणलेली. तिच्यावर टोपली घेतलेली एक संत बाई होती. ती रंगवली गेली तेव्हा चित्रकार नुकतेच संतांना शेजारपाजारच्या माणसांचे चेहरे द्यायला लागले होते. हिच्याही नाकावर उन्हाचा डाग होता, ओठ जरा सुकलेले. पुढे तीसेक वर्षांत धर्म सुधारणारे लोक आले. चित्रापुढे हात जोडणं पाप, म्हणाले, आणि सुरीने तिचे डोळे खरवडून काढले. तिथे आता खालचा खडूचा पांढरा थर दिसत होता.

“मग बाकीची बाई का ठेवली?” वर्गातल्या यामिनीने विचारलं होतं.

“त्यांना तिच्या असण्याचा त्रास नव्हता,” ब्रॉनविन इंग्लिशमध्ये म्हणाली, “तिच्या बघण्याचा होता.”

फळी दुरुस्तीला सिडनीला जायची होती. तिच्या जागी वर्गातली सगळ्यात चांगली नक्कल लागणार होती. अट एकच, डोळ्यांच्या जागचा खरवडा जसाच्या तसा उतरवायचा. डोळे रंगवायचे नाहीत.

यामिनीला वर्गात आणलं नीरजानेच. सिडनीजवळच्या टूनगॅबीहून नुकतीच बदली होऊन आलेली, हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी, गोड मुलगी. पहिला ब्रशही नीरजाने स्वतःचा दिला. आणि त्याच ब्रशने यामिनीच्या फळीवर ती बाई अशी उतरली की सुकलेल्या ओठांना पाणी द्यावंसं वाटावं. नीरजाची बाई मात्र भाजीची टोपली घेऊन बसची वाट बघत होती. नीरजाने तोंड भरून कौतुक केलं आणि घरी जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

मग मंडळाच्या संजीवचा फोन आला. यंदा आखणी यामिनीला देऊया का, म्हणाला. “तुलाही जरा आराम, नीरजा.”

“नो वरीज,” नीरजा म्हणाली. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. या गावात तिला लोक ओळखत होते ते तेवढ्यानेच.

पुढच्या शनिवारी यामिनीच्या फळीवर फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. हॉलमध्ये ओल्या खडूचा वास येत होता. नवा थर तर कुणीच दिला नव्हता. नीरजाने जवळ जाऊन पाहिलं. बाईच्या डोळ्यांच्या दोन पांढऱ्या जागा दमट दिसत होत्या. बोट लावलं तर कोरड्या.

यामिनी लेकाचा फोन घ्यायला बाहेर गेली. ब्रॉनविन किटली भरायला आत. खिडकीतून लांबवर पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याचा धूर सरळ वर जात होता.

नीरजाने ब्रश उचलला. डोळे रंगवले की ही नक्कल बाद, एवढाच विचार होता.

वरची रेघ एका श्वासात.

खालची.

बुबुळ.

हात इतका सुरेख चालला की ती क्षणभर रागही विसरली. तिने पांढरा ठिपका दिला.

आरसा पर्समध्येच राहिला होता.

बाईने तिच्याकडे पाहिलं.

दार वाजलं. यामिनी आत आली, फळीपुढे उभी राहिली. नीरजाने ब्रश खाली ठेवला. यामिनीने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, “ताई, खरवडा जमलाय ना गं? मला वाटलं होतं फार पांढरा होईल.”

ब्रॉनविनही चहा घेऊन आली, बघून हसली. खरवडा अगदी मूळच्यासारखा आहे, म्हणाली. तीच नक्कल भिंतीवर लागली. समोर उभं राहून लोक त्या आंधळ्या बाईबद्दल हळहळत. नीरजा पाठ करून बसायला लागली. तरी मानेवर काहीतरी टेकल्यासारखं वाटे.

गणपतीच्या आदल्या रविवारी सकाळी यामिनीच तिला संजीवच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली. मूर्ती रंगून तयार होती, डोळे सोडून.

“मला नाही जमत, ताई,” यामिनी म्हणाली. “ब्रश डोळ्यांपाशी नेला की हात थिजतो. हे तुझंच काम आहे. मी संजीवना सांगितलंय, यापुढेही तूच.”

हवं होतं ते असं आपसूक ओंजळीत आलं. नीरजाला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हातात ब्रश होता. तिने रेघा ओढल्या, बुबुळं भरली. या वेळी विसरायचं नाही म्हणून आरसा आधी काढला. मूर्तीकडे वळवण्याआधी सवयीने त्यात पाहिलं.

कपाळ तिचं होतं. टिकली तिची होती. टिकलीखाली, डोळ्यांच्या जागी, सुरीचे आडवेतिडवे ओरखडे होते, आणि त्यांच्यामधून पांढरा थर दिसत होता.

गॅरेजमध्ये ओल्या खडूचा वास आला.

“काय गं ताई?” यामिनीने वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मायेने हसली. “काजळ घातलंस का आज? डोळे किती छान दिसतायत तुझे.”

नीरजाने पापणीला बोट लावलं. बोटावर पांढरी पूड आली.