सगळ्याच पानांनी मलेरिया मारला!

"सगळ्याच पानांच्या अर्कांनी मलेरियाचे जंतू मेले!" लॅबमधून आलेला फोन ठेवून आई स्वयंपाकघरात नाचायलाच लागली. "उद्याच्या मीटिंगमध्ये जाहीर करते!"

रुचाने टाळ्या वाजवल्या. सलिलने मात्र तिला ओढतच अंगणात नेलं.

"ताई, माझा फुटबॉल लागून गॅरेजमधली पानांची एक पिशवी फुटली होती. पानं उडाली. मी गुपचूप लॉनचं गवत वाळवून भरलं."

"गाढवा! मग गवताने जंतू कसे मेले?"

शेजारच्या धवलचं डोकं कुंपणावर उगवलं. लॉकडाऊनमुळे ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधली त्यांची सगळी सुट्टी या कुंपणावरच चालली होती. "मेट, मग तर गायींना मलेरिया होतच नसेल!"

रुचाला हसू आलं नाही. आईच्या युनिव्हर्सिटीतली वाळवणाची खोली बंद होती, म्हणून डार्विन शहराहून पोस्टाने येणारी औषधी पानं आई गॅरेजमध्ये कागदी पिशव्यांत वाळवायची. तिथेच काहीतरी बिघडत होतं. उद्या आईने चुकीचं जाहीर केलं, तर तिच्या कामावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार?

दुपारी नवं पार्सल आलं. आईने पानं पिशव्यांत भरून ठेवली. बहीणभाऊ गाडीमागे लपले. धवल कुंपणावरून पहारा देत होता. त्याने शीळ घातली!

दार उघडलं. मास्क, हातमोजे आणि पोहण्याचा चष्मा घातलेला माणूस आत आला. एकेक पिशवी उघडून तो आत जंतुनाशक मारू लागला. फुस्स! फुस्स!

"बाबा!"

बाबा केवढ्याने दचकला! "अरे, बाहेरून आलेलं सामान आहे! कोरोना असला तर? मी दुधाचे डबे पुसतो, कोथिंबीर धुतो, तसंच हे!"

"मलेरियाचे जंतू तुझ्या फवाऱ्याने मेले, बाबा!"

आईला सगळं सांगितलं, गवतासकट. ती मटकन खुर्चीत बसली. मग बाबाच्या कपाळावरचा चष्मा पाहून तिला हसूच आवरेना.

"सलिल, तुझ्याशी नंतर बोलते. पण पोरांनो, तुम्ही मला तोंडघशी पडण्यापासून वाचवलंत!"

मीटिंगमध्ये तिने चूक स्पष्ट सांगितली आणि पुन्हा पानं मागवली. या वेळी गॅरेजची किल्ली रुचाकडे होती.

काही आठवड्यांनी आई लॅबमधून धावतच आली. "बाकी सगळी फुसकी निघाली!"

"अरेरे!"

"पण एक आहे! जंतू थोडेच मेले, पण मेले ते त्या पानानेच. तीनदा तपासलं! आता छातीठोकपणे सांगेन, तुम्हा तिघांची नावं घेऊन!"

"माझं स्पेलिंग नीट सांगा हं, आंटी!" धवल कुंपणावरून ओरडला.