इंगवलेसरांची उबदार बंडी

"माणसाच्या हातून होणारी शेवटची चूक होऊन गेलेली आहे!" अमेरिकेतल्या ओमाहा बायसन्स संघाच्या मालकांनी उपान्त्य सामन्याआधी भरलेल्या स्टेडियमला हात उंचावून सांगितलं. एकविसाव्या शतकाची साठी उलटली होती, त्यामुळे लोकांनी विश्वासही ठेवला.

मग सामना अटीतटीला आला. बायसन्सचे अकरा धिप्पाड गडी आक्रमणासाठी रांगेत उभे राहिले आणि चेंडू हलायच्या आत अकराही जण एकदम वाकले. जमिनीला बोटं टेकवली, कपाळाला लावली, पुन्हा जागेवर. पंचांनी पिवळा रुमाल फेकला. दंड, पाच यार्ड मागे.

"काय पण एकसारखे वाकले!" सीमारेषेवर उभे असलेले कोच यशवंत इंगवले पुटपुटले. आधी त्यांना अभिमान वाटला, मग घाम फुटला. कारण ते वाकणं त्यांचं स्वतःचं होतं. कराडच्या खो-खोच्या मैदानावर कठीण डाव आला की माती कपाळाला लावायची, ही त्यांची शाळेपासूनची खोड.

अमेरिकन फुटबॉल हा नावाने पायाचा आणि प्रत्यक्षात बराचसा हातांचा खेळ आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. चेंडू हलेपर्यंत आक्रमकांनी दगडासारखं स्तब्ध राहायचं. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, चेंडू फेकतो तो रिकाम्या जागेत. तिथे साथीदाराने ठरलेल्या पावलाला येऊन वळायचं असतं. पाऊल अर्ध्याने चुकलं की चेंडू शत्रूच्या कुशीत. म्हणजे सामना मैदानावर दिसतो खरा, पण जिंकलेला असतो तो सरावात. "उशिरा दिलेला खो म्हणजे न दिलेला खो," एवढ्या एका तत्त्वज्ञानावर इंगवल्यांनी अमेरिकेत वीस वर्षं पोट भरलं होतं. अमेरिकन लोकांना ते फार गहन वाटे.

त्यात संघाची मेंदूतज्ज्ञ डॉ. रेवती मांजरेकरने 'अंगवळण' शोधून काढलं. सायकल एकदा आली की विसरत नाही, कारण ती लहान मेंदूत मुरलेली असते. रेवतीचं म्हणणं, मुरायची वाट कशाला बघायची? तिने लांब बाह्यांची, गळाबंद अशी एक नोंदबंडी शिवून घेतली. ती घालणाऱ्याच्या प्रत्येक स्नायूची ओढ टिपून ठेवी. ती नोंद झोपलेल्या खेळाडूच्या टोपीतून त्याच्या मेंदूत हळूहळू झिरपवायची. जोर खेळाडूचा, ताल इंगवल्यांचा. अकराही जागांची पावलं त्यांनी बंडी घालून स्वतः करून दाखवली होती.

पाच यार्ड गमावूनही बायसन्स जिंकले. सोमवारी सकाळी इंगवले रेवतीच्या प्रयोगशाळेत पोचले, तेव्हा तिथे क्वार्टरबॅक आयझॅक बूनची बायको ल्युएला आधीच येऊन बसली होती.

"अण्णा, खरं सांगा," रेवतीने मराठीतच सुरुवात केली. "बंडी सरावानंतर काढत होता ना?"

इंगवल्यांनी खिडकीबाहेरचा बर्फ पाहिला. "थंडी किती होती गं तेव्हा!"

"म्हणजे?"

"उबदार आहे गं ती. स्वेटरपेक्षा बरी."

"घरीसुद्धा घातलीत? किती दिवस?"

"महिनाभर. आंघोळीला काढायचो," ते घाईने म्हणाले.

रेवतीने कपाळावर हात मारून घेतला. ल्युएलाला मराठी येत नव्हतं, पण हात कपाळावर कधी मारतात ते तिला कळलं.

"कोच," ती म्हणाली, "आयझॅक हल्ली घरातून निघताना माझ्या डोक्यावर दोनदा थोपटतो. आधी कधी थोपटत नव्हता. मला आवडलं, म्हणून विचारलं, हे कुठून शिकलास? तर म्हणाला, काय कुठून शिकलो? त्याला माहीतच नाही, कोच! हात आपला आपण येतो आणि जातो. रोज संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या अंगातून माझ्या घरात नक्की कोण येतंय?"

त्या महिन्यात इंगवले निघताना कोणाला थोपटत असत, ते त्यांना लख्ख आठवलं. घरमालकाच्या कुत्र्याला. ते त्यांनी सांगितलं नाही.

"एवढं थोपटणं काढून टाक की," ते रेवतीला म्हणाले, ल्युएलालाही कळावं म्हणून इंग्रजीत.

"नाही जमत, अण्णा. कणकेत मीठ मळलं की मीठ वेगळं काढता येतं का? पुसलं तर सगळंच जाईल. पावलं, ताल, सगळं. आणि अंतिम सामना रविवारी आहे."

इंगवले खुर्चीत बसले. वीस वर्षांत एकदाही त्यांच्या संघाने तो करंडक उचलला नव्हता. आयझॅकचा ताल गेला तर चेंडू पुन्हा रिकाम्या जागेत पडणार, आणि तिथे कोणी नसणार.

"आयझॅकला विचारलंस का?" त्यांनी ल्युएलाला विचारलं.

"विचारलं. म्हणाला, असू दे, मला चालेल. पण म्हणताना तो कानाची पाळी ओढत होता."

"मग?"

"तो नाही ओढत, कोच. तुम्ही ओढता."

इंगवल्यांनी आपल्या कानाची पाळी सोडली आणि हात मांडीवर ठेवला. हो म्हणणारा आयझॅक होता की बंडी, हे आता आयझॅकलाही विचारून कळणार नव्हतं. असले अकरा जण रोज अकरा घरी जात होते आणि बाकीच्या दहा घरांना अजून काही खटकलंही नव्हतं.

"पुसून टाक," शेवटी इंगवले म्हणाले.

"अण्णा, हराल."

"हरू. चुकला तर आमचा पोरगा चुकेल. मी सांगितलं ना, पूस. बाकीच्या दहांचंही."

ल्युएलाचे डोळे भरून आले. तिने दोन्ही हातांनी इंगवल्यांचा हात धरला, मनापासून आभार मानले, कोट चढवला, हातमोजे घातले आणि दारापर्यंत गेली. तिथे थबकली.

"कोच, अजून एक. आयझॅक हल्ली जेवण झालं की उठतो, आपलं ताट घासतो, पुसून जागेवर ठेवतो. न सांगता."

इंगवल्यांनी मान खाली घातली. तो महिना त्यांच्या पत्नी शालनताई भाचीच्या लग्नाला कराडला गेल्या होत्या. एरवी इंगवल्यांनी जन्मात ताट घासलं नव्हतं.

ल्युएलाने एकदा रेवतीकडे पाहिलं, एकदा इंगवल्यांकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तेवढं राहू देता येईल का?"