रिकाम्या कपाटाची टिकटिक

सन २०५२ मधल्या एका सकाळी खनिज संग्रहालयातल्या मोजू नावाच्या यंत्रमानवाने कोठाराच्या दारात बसकण मारली.

"कपाट क्रमांक चार रिकामे आहे," तो म्हणाला, "तरीही ते टिकटिकत आहे. हे नियमात बसत नाही. कारण कळेपर्यंत मी आत जाणार नाही."

काही खनिजांतले अणू आपोआप फुटतात आणि अदृश्य किरण बाहेर टाकतात. त्याला किरणोत्सार म्हणतात. मोजूच्या पोटातल्या यंत्राने असा किरण पकडला, की 'टिक' असा आवाज होई.

दहा वर्षांची उत्पला सुट्टीत आजोबांबरोबर इथे आली होती. तिचे आजोबा, डॉ. मेश्राम, इथले खनिजतज्ज्ञ. आज त्यांचा चेहरा उतरला होता. शेजारच्या तीन नंबरच्या कपाटात, किरण अडवणाऱ्या शिशाच्या पत्र्याआड, युरेनियम असलेला एक हिरवा दगड होता. त्याची खाण बुजली होती, तसा दगड पुन्हा मिळणार नव्हता.

"ही टिकटिक कशाची ते आज कळलं नाही, तर दगड कायमचा पुरायचा, असं संचालकबाईंनी सांगितलंय," ते म्हणाले.

मोजूने मात्र आरोपी शोधला होता. शिपाई वाघाडेमामा. पुरावा, त्यांच्या हातातलं केळं.

"केळ्यात किंचित किरणोत्सार असतो," मोजू म्हणाला.

"मी कपाटात ठेवत नाही रे बाबा. खातो फक्त."

"म्हणजे ते आपल्या पोटात आहे. आपणही कपाटापासून दूर राहावे."

"तेवढ्याने तुझं यंत्र जागंसुद्धा व्हायचं नाही," आजोबा म्हणाले. "पण मामा, कोठाराजवळ खाऊ नका. हाताला लागलेली धूळ घासाबरोबर पोटात जाते."

उत्पला दारातूनच हुंगत होती. "आजोबा, चार नंबरमधून डांबरगोळ्यांचा वास येतोय."

"त्या मी तीन नंबरमध्ये ठेवल्यात," मामा ओशाळून म्हणाले. "झुरळांसाठी."

"मग वास इकडे कसा आला?"

आजोबांनी दोन्ही कपाटांमधल्या फळीकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "फटीतून. आणि वासासारखंच आणखी काहीतरी आलं. युरेनियम फुटत फुटत त्यातून रेडॉन तयार होतो. तो रंग-वास नसलेला वायू आहे. बंद कपाटात साठतो, फटीतून शेजारी जातो, फुटतो आणि त्याचे किरणोत्सारी कण फळ्यांवर चिकटतात."

"हे खरं कशावरून?" उत्पलाने विचारलं.

"ते कण अल्पायुषी असतात. दगड हलवला, हवा खेळवली, तर काही तासांत टिकटिक मंदावेल."

कारण कळल्यामुळे मोजू नियमानुसार उठला. लांब चिमट्याने त्याने दगड डबीत ठेवला, डबी बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याच्या पेटीत नेली आणि दोन्ही कपाटं उघडून हवा खेळती केली. "जितकं लांब आणि जितका कमी वेळ, तितके किरण कमी," आजोबांनी सांगितलं. सगळ्यांनी साबणाने हात धुतले.

दुपारी चार नंबरजवळ नेहमीची, सगळीकडेच होते तशी एखाददुसरी टिक तेवढी उरली. संचालकबाईंनी दगड ठेवायला परवानगी दिली. अटी दोनच, कपाटातून छपराबाहेर नळी आणि पंखा बसवायचा, दारावर इशारा लावायचा.

"हा दगड किती दिवस असा फुटत राहील?" उत्पलाने विचारलं.

"त्यातलं निम्मं युरेनियम संपायला साडेचार अब्ज वर्षं. तोवर कुणीतरी त्याची काळजी घ्यायला हवी."

"तुम्ही निवृत्त कधी होताय?"

"येत्या मार्चमध्ये."

"मग मला शिकवायला आजच सुरुवात करा," उत्पला म्हणाली आणि तिने नवी वही उघडली.